बोटांच्या खुणा आणि लिनक्स संगणक

काचेच्या पटलावर बोट टेकवताच संगणक आज्ञा पाळतो, ही गोष्ट वरवर पाहता अगदी सोपी वाटते. वस्तुतः बोट आणि आज्ञा यांच्या दरम्यान अनेक टप्पे असतात आणि त्यांतील एखादा निखळला तरी खूण वाया जाते. लिनक्सवर हे टप्पे निरनिराळ्या गटांनी निरनिराळ्या काळी रचले आहेत. म्हणून बिघाड शोधताना प्रत्येक टप्प्याचे काम वेगळे ओळखणे अगत्याचे ठरते.

लिनक्सवर चालणारे स्पर्शपटल कर्नाटकाला नवे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने साकारलेला ‘सिम्प्युटर’ हा हातात मावणारा संगणक लिनक्सवरच चालत असे. त्याचा ‘अमिडा’ हा नमुना २००४ साली बाजारात आला. त्याच्या पटलावर लेखणी टेकवावयाची असे. अनेक बोटांचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. एकाच वेळी होणारे अनेक स्पर्श कळविण्याची पद्धत लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २००९ साली समाविष्ट झाली.

समजा, म्हैसूरजवळील येलवाल येथील एका शिक्षिकेने उलटा दुमडून पाटीसारखा धरता येणारा जुना लॅपटॉप घेतला आणि त्यावर लिनक्स बसविले. वर्गात भूमितीच्या आकृत्या दाखविण्यासाठी तिला तो हवा आहे. अशा वेळी पुढील तीन तक्रारींपैकी एखादी बहुधा उद्भवते. टचपॅडवर चालणारी तीन बोटांची खूण पटलावर निष्फळ ठरते. ब्राउझरमध्ये बोट सरकविले असता पान न सरकता मजकूर निवडला जातो. किंवा यंत्र उभे धरल्यावर बोट एकीकडे टेकते आणि परिणाम दुसरीकडे दिसतो. या तिन्हींचे मूळ एक नाही.

प्रथम यंत्राची परीक्षा करावी. ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवून पटलावर तीन बोटे टेकवावीत. तीन स्वतंत्र स्पर्शांची नोंद झाली, तर पटल आणि कर्नल निर्दोष आहेत; दोष वरच्या टप्प्यांत शोधावा. एकही नोंद उमटली नाही, तरच चालक प्रणालीकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे, वळावे.

पहिल्या तक्रारीचे कारण मनोरंजक आहे. टचपॅडवरील बोटांच्या हालचालींचा अर्थ लिबइनपुट स्वतः लावते. पटलावरील स्पर्शांचा अर्थ मात्र ते हेतुपुरस्सर लावीत नाही. पटलावर दोन बोटे दोन वेगळ्या खिडक्यांवर टेकलेली असू शकतात. त्या दोहोंची मिळून एकच खूण होते की दोन, हे खाली काय आहे ते ठाऊक असल्यावाचून सांगता येत नाही. म्हणून हा निर्णय डेस्कटॉपवर आणि त्या त्या कार्यक्रमावर सोपविला आहे. उदाहरणार्थ, केडीई प्लाझ्मामध्ये पटलाच्या कडेपासून बोट आत ओढल्यास काय घडावे, हे सेटिंग्जमध्ये ठरविता येते. जुन्या एक्स-११ पद्धतीवर ‘टचेग’ हा कार्यक्रम हे काम करतो.

दुसऱ्या तक्रारीचे मूळ एक्स-११ मध्ये आहे. जो कार्यक्रम स्पर्शाची भाषा जाणत नाही, त्याला तेथे बोट हे माऊस म्हणून सादर केले जाते. आणि माऊस दाबून ओढला की मजकूर निवडला जाणे ओघानेच येते. एक्स-११ ने २०१२ साली बहुस्पर्शाची सोय केली, तथापि ती कार्यक्रमाने मागून घ्यावी लागते. वेलँड या नव्या पद्धतीने प्रवेश केल्यास ही अडचण बहुधा दूर होते.

तिसऱ्या बाबतीत यंत्रातील संवेदक कल ओळखतो, ‘आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी’ तो डेस्कटॉपला कळविते आणि चित्र वळते. एक्स-११ मध्ये चित्र वळविणे आणि स्पर्शाचे निर्देशांक वळविणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे राहून गेले की बोट चुकते. वेलँडमध्ये दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतात.

यावरून असे दिसते की, खूण न चालणे म्हणजे यंत्र निकामी होणे नव्हे. खालच्या टप्प्यापासून क्रमाने वर जाणाऱ्याला दोषाची जागा सापडते, आणि चांगले यंत्र अकारण अडगळीत जाण्यापासून वाचते.