पहिली मीटिंग गाठायची तर

दारू सोडायचं ठरवलंय आणि सकाळी उठल्यापासून हात थरथरतायत, अशी स्थिती असेल तर मीटिंगचा पत्ता नंतर शोधा. आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकदम थांबवलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ लागतात, कधी जीवावरही बेततं. घाम, थरथर, उलट्या सुरू झाल्या असतील तर जवळचं सरकारी रुग्णालय गाठा आणि रोज किती घेत होतात ते खरं सांगा. निम्मं सांगू नका, औषध त्या हिशोबाने द्यायचं असतं. देवापुढे शपथ घालून माणसाला खोलीत कोंडून ठेवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती धोक्याची आहे.

अंगातून दारू उतरली की मीटिंग शोधायला घ्या. बहुतेक ठिकाणी सापडतो तो अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा गट, लोकांच्या तोंडी ‘एए’. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने पुरते बुडालेले, एकमेकांशी बोलून बोलून सावरले. तिथून हे काम सुरू झालं आणि १९५७ साली मुंबईत पोचलं. एएच्या हेल्पलाइनवर गावाचं नाव सांगितलं की जवळचा गट कळतो. तो नंबर हाताशी नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४४६, पैसे पडत नाहीत. पुण्याच्या आसपास असाल तर डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथेही विचारा.

फोन ज्याची दारू आहे त्यानेच करावा. बायकोने किंवा भावाने केला तरी पलीकडचा माणूस बहुधा म्हणतो, ‘त्यांनाच द्या फोन.’ बोलणारा स्वतः यातून गेलेला असतो, त्यामुळे लाजायचं कारण नाही. वार, वेळ, इमारतीतली नेमकी खोली विचारून लिहून घ्या. भाषाही विचारा. मुंबई-पुण्यात इंग्रजी, हिंदी, मराठी असे वेगवेगळे गट असतात आणि मनातलं बोलायचं तर ते आपल्याच भाषेत निघतं. मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’ तेही विचारा. ओपनला घरचं माणूस बरोबर आलेलं चालतं, क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. बाई असाल तर बायकांचा वेगळा गट आहे का, हे आवर्जून विचारा.

पत्ता मिळाला की अर्धं काम झालं असं वाटतं. खरी अडचण फाटकाशी येते. मी एका नातेवाइकाला घेऊन गेलो होतो. मीटिंग एका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर. त्याने स्कूटर लावली, हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. ‘उद्या येऊ,’ म्हणाला. तेवढ्यात जिन्यावरून एक गृहस्थ खाली आले, आमच्याकडे पाहून म्हणाले, ‘पहिल्यांदाच का? चला, चहा होतोय.’ वर वर्गात फळ्यावर सकाळची गुणाकाराची गणितं तशीच होती. बाक इतके बुटके की गुडघे वर टेकत होते. पंधरा-सोळा माणसं. एक बँकेतला, एक रिक्षावाला, एक निवृत्त शिक्षक. म्हणून सांगतो, पंधरा मिनिटं आधी पोचा आणि भेटेल त्याला ‘मी नवीन आहे’ एवढंच म्हणा.

आत नोंदवही नाही, फी नाही. नुसतं पहिलं नाव पुरतं. दारू सोडायची इच्छा आहे, एवढीच सभासद होण्याची अट. एकेक जण आपली हकिगत सांगतो, त्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही. तुमची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलेलं चालतं. पैशांची पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रार्थनेत देवाचं नाव येईल. देव न मानणारेही तिथे बसलेले असतात.

निघताना दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या. तलफ येते तेव्हा यातलाच एखादा नंबर लावायचा असतो, पेला हातात घेण्याच्या आधी. एका मीटिंगवरून मत बनवू नका. हा गट जमला नाही तर दुसऱ्यात जा, लांब पडत असेल तर ऑनलाइन बसा. मध्ये ‘स्लिप’ झाली, म्हणजे पुन्हा प्यायलात, तरी दुसऱ्या दिवशी जा.

पिणारा माणूस यायलाच तयार नसेल तर घरच्यांनी थांबून राहू नये. त्यांच्यासाठी अल-अॅनॉन आहे, मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी गट आहे. मात्र न सांगता जेवणात पावडर मिसळून दारू सोडवण्याच्या जाहिरातींच्या नादी लागू नका. तशा औषधावर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो.

मीटिंग बहुधा संध्याकाळीच असतात, कारण पाय गुत्त्याकडे वळायची वेळही तीच. तेव्हा फोन दुपारीच करा, आजच्या आज. १४४४६.