होडीचे शब्द आणि दर्याचे गणित

प्रत्येक धंद्याची आपली बोली असते. शेतकरी म्हणतो, "वाफसा आला." सुताराला रंधा आणि पटाशी ठाऊक. तसेच दर्यावर जाणाऱ्यांचेही शब्द आहेत. अंधेरीजवळचे वर्सोवा, मालाडकडचे मढ, बोरिवलीच्या खाडीपलीकडचे गोराई आणि मनोरी ही कोळ्यांची जुनी वस्ती. तिथे हे शब्द रोज कानी पडतात. आज ते आपण वाचू. नुसते वाचायचे नाहीत बरे का, त्यांचा उपयोगही पाहायचा.

होडीचे भाग

होडीचे पुढचे निमुळते टोक म्हणजे नाळ. नाळ पाणी कापते. मागच्या बाजूला सुकाणू असते. सुकाणू वळवले की होडी वळते. म्हणून घर चालवणाऱ्यालाही आपण म्हणतो, "सुकाणू त्याच्या हाती आहे."

मधला उंच खांब म्हणजे डोलकाठी. तिच्या आधाराने जे मोठे कापड वाऱ्यावर फुगते, ते शीड. वारा नसेल तर वल्हे मारायचे. हल्ली बहुतेक बोटींना इंजिन असते, तरी हे शब्द काही गेले नाहीत.

होडी एका जागी थांबवायची तर नांगर टाकतात. शेतकऱ्याचा नांगर जमीन उकरतो. होडीचा नांगर तळाच्या गाळात रुतून बसतो. शब्द एक, काम निराळे.

होडीचा मालक तो नाखवा. होडी चालवणारा मुख्य माणूस तो तांडेल. त्याच्या हाताखाली काम करतात ते खलाशी. माणसांना खाडीपार नेणारी होडी म्हणजे तर. वर्सोव्याहून मढला आणि मार्व्याहून मनोरीला जायला अशी सोय आहे.

दोन वारे

रात्री जमीन लवकर निवते. मग वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दिवसा जमीन लवकर तापते. मग वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. हा खारा वारा. शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. निसर्गाने जाण्यायेण्याची फुकट सोयच केली म्हणा ना!

भरतीचे गणित

पाणी चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. तो भांग. कोळी लोक डोल नावाचे पिशवीसारखे जाळे समुद्रात बांधतात. पाण्याच्या ओढीने बोंबील आणि जवळा त्यात शिरतो. उधाणाला ओढ जास्त, भांगाला कमी.

भरती किती वाजता? आपल्या किनाऱ्यावर एक सोपा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. म्हणजे सुमारे ३ वाजता पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजा. हा झाला अंदाज. नक्की वेळ छापील कोष्टकात पाहावी. तुम्हाला आता आकडे वाचता येतात. मग दुसऱ्याला का विचारायचे?

बावट्याचा नंबर

वादळाची सूचना देण्यासाठी बंदरावर बावटा लावतात. दिवसा खांबावर काळ्या आकृत्या टांगतात, रात्री दिवे लावतात. प्रत्येक खुणेला नंबर असतो.

नंबर १ : दूर समुद्रात हवा बिघडली आहे.
नंबर २ : दूर समुद्रात वादळ आहे. बंदर सोडणाऱ्यांनी सावध व्हावे.
नंबर ३ : बंदरावरच सोसाट्याचा वारा येण्याचा संभव.
नंबर ४ : वादळ पुढे बंदरावर येऊ शकते.

नंबर ११ पर्यंत जातात. साधारणपणे आकडा चढला की धोका चढला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले. वारा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेला. किनाऱ्यावर बांधलेल्या होड्याही फुटल्या. मग दर्यात असलेल्यांचे काय हाल झाले असतील?

आणखी एक आकडा वाचायला शिका. प्रवासी बोटीला किती माणसे न्यायची याचा परवाना असतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा माणसे गेली. बोटीत परवान्यापेक्षा जास्त माणसे होती आणि पुष्कळांच्या अंगात तरंगण्याचे जाकीट नव्हते. म्हणून आम्ही सांगतो : बोटीत पाय ठेवण्यापूर्वी आकडा वाचा, माणसे मोजा, जाकीट मागून घ्या. गर्दी असेल तर पुढची बोट पाहा. तांडेल रागावला तरी चालेल. अर्धा तास गेला तर भरून निघतो, माणूस गेला तर भरून निघत नाही.

सांगा पाहू

१. नाळ पुढे असते की मागे?
२. आज तिथी कोणती? भरती किती वाजता?
३. तीन नंबरचा बावटा लागला, तर तुम्ही होडी काढाल का?