मुंगीच्या कमरेवरचा भुंगेरा : एका नोंदीचा इतिहास

२०१७ साली आमच्या शाळेच्या दर्शनी फलकावर वर्तमानपत्राचे एक कात्रण लावले होते. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशाच्या जंगलात, मुंग्यांच्या अंगाला चिकटून प्रवास करणारा एक नवा भुंगेरा सापडल्याची ती बातमी होती. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे सातवीच्या वर्गावर त्या दिवशी मी बदली तासिकेला गेले होते. एका मुलाने उभे राहून विचारले, "बाई, तो भुंगेरा जंगलात आधीपासून होताच ना? मग नवा कसा?" मी इतिहासाची शिक्षिका. घाईत उत्तर दिले, "आधी कुणी पाहिला नव्हता, म्हणून नवा." मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झालेले दिसत नव्हते. तास संपता संपता त्याने दुसरा प्रश्न विचारला, "आणि मुंगीला त्याचं ओझं लागत नसेल का?" तेवढ्यात घंटा झाली.

माझे पहिले उत्तर चुकीचे होते. हा मुलगा आज आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक आहे. स्मरणिकेचा हा अंक त्याच्या हाती पडेल, या भरवशावर ते उत्तर मी येथे दुरुस्त करीत आहे.

प्रथम तो भुंगेरा. कोस्टा रिकाच्या ईशान्य भागात ला सेल्वा नावाचे संशोधन केंद्र आहे. तेथील सखल वर्षावनात लष्करी मुंग्यांच्या अनेक जाती आढळतात. या मुंग्या कायमचे वारूळ बांधत नाहीत. दोन-तीन आठवडे एका जागी मुक्काम, मग दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज स्थलांतर, असा त्यांचा क्रम चालतो. त्यांपैकी एसिटॉन मेक्सिकॅनम ही जाती आपला तळ रात्रीच्या अंधारात हलवते. २०१४ साली डॅनियल क्रोनॉयर आणि क्रिस्टोफ फॉन बेरेन हे दोन संशोधक अशाच एका रात्री दिव्याच्या प्रकाशात या मुंग्यांची रांग न्याहाळत होते. काही मुंग्या चमत्कारिक दिसल्या. त्यांना जणू दोन पोटे होती, एक जागच्या जागी आणि दुसरे त्याच्या जरा वर.

ते दुसरे पोट म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा एक भुंगेरा होता. मुंगीच्या शरीरात छाती आणि पोट यांच्यामध्ये दोन बारीक गाठींची कंबर असते. या दोन गाठींच्या मधल्या खाचेत भुंगेरा आपले जबडे रोवतो आणि घट्ट बसून राहतो. त्याचा आकार, रंग आणि चकाकी मुंगीच्या पोटाशी इतकी मिळतीजुळती की वरून पाहिले तर काही वेगळे आहे असे वाटतच नाही. चालणे मुंगीचे, प्रवास दोघांचा! गंमत अशी की लष्करी मुंग्यांची दृष्टी अत्यंत अधू असते. त्यांचा सारा व्यवहार वासावर आणि स्पर्शावर चालतो. मग हे रूपाचे सोंग कुणासाठी? मुंग्या खाणाऱ्या दुसऱ्या प्राण्यांची फसगत व्हावी म्हणून, की चाचपणाऱ्या मुंगीच्या मिशांना आपल्याच अंगाचा भास व्हावा म्हणून? अभ्यासकांनी दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या आहेत, आणि मला ते आवडले.

आता मुलाचा प्रश्न. जंगलात तो भुंगेरा माणसाच्याही आधीपासून असू शकतो. पाहिला न जाणे हीदेखील नवेपणाची कसोटी नव्हे. कितीतरी कीटक संग्रहालयांच्या खणांत वर्षानुवर्षे टाचणीला लागून पडलेले असतात. ते कुणीतरी पाहिलेले, पकडलेले, चिठ्ठी लावून ठेवलेले असतात, आणि तरीही शास्त्राच्या दप्तरी त्यांची नोंद नसते. "नवा" हा शब्द भुंगेऱ्याविषयी काहीच सांगत नाही. तो आपल्या दप्तराविषयी सांगतो. ज्याचे रीतसर वर्णन आजवर प्रसिद्ध झालेले नाही, तो नवा.

हे रीतसर वर्णन म्हणजे काय, हे वाचताना मला माझ्याच विषयाची आठवण झाली. आम्ही इतिहासवाले अस्सल साधनाशिवाय बोलत नाही, निदान बोलू नये. प्राणिशास्त्रातही तेच आहे. वर्णन करणाऱ्याला एक विशिष्ट नमुना निवडावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. तो कुठे, कोणत्या तारखेला, कुणी गोळा केला याची चिठ्ठी त्याच्यासोबत राहते आणि तो शक्यतो सार्वजनिक संग्रहालयात ठेवला जातो, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर त्याने स्वतः जाऊन पाहावे. मग जवळच्या नातलग जातींपासून हा कोणत्या लक्षणांनी वेगळा, ते मांडावे लागते. शेवटी लॅटिन वळणाचे नाव देऊन हे सारे प्रसिद्ध करावे लागते. १७५८ साली निघालेल्या लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांच्या नावांचा हा हिशेब मोजला जातो. आपल्या भुंगेऱ्याच्या बाबतीत हे काम फॉन बेरेन यांनी, या कुळातील भुंगेऱ्यांचे जाणकार अलेक्सी तिशेचकिन यांच्यासह केले. २०१४ साली दिसलेला जीव २०१७ साली नोंदला गेला. मधली तीन वर्षे बातमीत दिसत नाहीत.

येथे एका शब्दापाशी मला थांबावे लागते. मराठी विश्वकोशात आणि शास्त्रीय परिभाषेत अशा प्रत्येक प्रकाराला "जाती" म्हणतात आणि जवळच्या जातींच्या गटाला "प्रजाती". वर्तमानपत्रे मात्र पहिल्या अर्थीही "प्रजाती" लिहितात. वर्गात हा शब्द उच्चारताना समोरच्या मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. म्हणून सांगते, हा शब्द खरा आहे तो येथेच, भुंगेऱ्यांच्या आणि मुंग्यांच्या बाबतीत. येथे जाती ठरते ती तपासून, नमुना समोर ठेवून, खोडून काढण्याची वाट मोकळी ठेवून. शास्त्राच्या या कसोटीवर आज पृथ्वीवर वावरणाऱ्या सर्व माणसांची जाती एकच आहे.

भुंगेऱ्याचे नाव निम्फिस्टर क्रोनॉयरी असे ठेवण्यात आले. निम्फिस्टर ही प्रजाती आधीपासून ठाऊक होती. क्रोनॉयरी हे क्रोनॉयर यांच्या सन्मानार्थ. स्वतःचेच नाव स्वतः द्यायचे नाही, असा या क्षेत्रातील सभ्य संकेत आहे. मात्र नाव एकदा नियमाप्रमाणे प्रसिद्ध झाले की ते सहसा हलत नाही, मग ते कुणाचेही असो. स्लोव्हेनियातील गुहांत राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ साली हिटलरचे नाव दिले गेले. ते आजही कायम आहे. केवळ नैतिक कारणासाठी नावे बदलणार नाही, असे प्राण्यांच्या नामकरणाचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२३ साली स्पष्ट केले. नावे स्थिर राहिली नाहीत तर नोंदींचा गोंधळ होईल, हे त्यांचे म्हणणे मला समजते. पटत मात्र नाही. नावाची किंमत काय असते, हे आपल्या समाजाला कुणी वेगळे सांगण्याची गरज नाही.

मुंग्यांच्या घरातील या पाहुण्यांचा अभ्यास नवा नाही. एरिक वासमान या जर्मन भाषक जेझुइट धर्मगुरूने १८९४ साली मुंग्यांच्या आणि वाळवीच्या सोबतीने राहणाऱ्या प्राण्यांची चिकित्सक सूची प्रसिद्ध केली. आयुष्यभर त्याने हे भुंगेरे पाहिले. मुंग्यांच्या सहवासात त्यांची शरीरे बदलत गेली, म्हणजे उत्क्रांती झाली, हे त्याने धर्मगुरू असूनही मान्य केले. पण माणसाशी येताच तो थांबला. १९०७ साली बर्लिनमध्ये त्याची व्याख्याने झाली, जीवशास्त्रज्ञांशी जाहीर वाद झाला. भुंगेऱ्याला जो नियम लागू, तो माणसाला लागू नाही, ही आपली भूमिका त्याने सोडली नाही. इतका बारकाईने पाहणारा मनुष्य पुराव्याचा हात धरून अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि तेथेच उभा राहिला, याचे मला आजही नवल वाटते. तरीही त्याच्या सूचीशिवाय पुढचे काम झाले नसते. कार्ल रेटनमायर आणि त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी एसिटॉन बर्चेली या एकाच लष्करी मुंगीच्या सोबत्यांवर दीर्घकाळ काम केले. कार्ल यांच्या निधनानंतर, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तीनशेहून अधिक जातींच्या सोबत्यांची नोंद आहे. त्यांत पक्षी आहेत, माशा, कोळ्यांच्या नात्यातले सूक्ष्म जीव आणि भुंगेरे आहेत. शिस्तीचा आदर्श म्हणून मुंग्यांची रांग आपण मुलांना दाखवतो, तेव्हा त्या रांगेत किती परके चालत असतात, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

राहिला दुसरा प्रश्न. त्या मुलाचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात, म्हणून तो आमच्या वसतिगृहात होता. वर्गातील चाळीस मुलांपैकी ओझ्याचा प्रश्न त्यालाच का सुचला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. मुंग्यांवरून माणसांचे निष्कर्ष काढू नयेत, असे मी स्वतःला बजावले आहे. म्हणून मुंगीपुरतेच लिहिते. भुंगेरा शक्यतो मध्यम आकाराच्या कामकरी मुंगीवर बसलेला आढळतो. लष्करी मुंग्या स्थलांतरात आपल्या अळ्या पोटाखाली लांब पायांच्या मध्ये धरून वाहून नेतात, भक्ष्यही तसेच नेतात. ओझे त्यांना सवयीचे आहे. पण अळी त्या स्वतः उचलतात, आणि भुंगेरा स्वतःच येऊन बसतो, कंबरेला, पोटाच्या वर. मुंगीला ओझे जाणवते की नाही, हे त्या निबंधात मला सापडले नाही. कंबरेला भुंगेरा असलेली मुंगी इतर मुंग्यांसोबत रांगेत चालतच राहते, एवढे मात्र त्यात आहे.