'शॅल' की 'शुड'?

शाळेत 'शॅल' आपण एका ओळीत उरकला होता : 'आय' आणि 'वी' पुढे शॅल, बाकी सगळ्यांना विल. 'शुड' म्हणजे 'पाहिजे'. झालं! पण मित्रांनो, इंजिनिअरिंगच्या कोडमध्ये हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे मला तिसऱ्या वर्षी साइट ट्रेनिंगला कळलं, तेही बोलणी खाऊन.

स्लॅब भरून झाला होता. साइट इंजिनिअरने क्युरिंगची सूचना वहीत लिहायला सांगितली. मी ऐटीत इंग्रजीत लिहिलं, 'शुड बी क्युअर्ड फॉर सेव्हन डेज'. पाचव्या दिवशी बघतो तर स्लॅब कोरडा ठणठणीत! ठेकेदाराने शांतपणे वही पुढे केली. "शुड लिहिलंय साहेब. म्हणजे जमलं तर, असंच ना?" मी काय बोलणार? साहेब म्हणाले, "आधी कोड वाचून ये."

वाचला. आयएस ४५६ : २००० मध्ये साध्या पोर्टलँड सिमेंटचं काँक्रीट किमान ७ दिवस ओलं ठेवण्यासाठी 'शॅल' वापरलंय. उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस, तिथेही 'शॅल'. मिश्र सिमेंट असेल तर मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवायची ती मात्र शिफारस. खडीचं बघा : तिचा आकार शक्य तितका मोठा असावा, इथे 'शुड', पण मेंबरच्या किमान जाडीच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठा कोणत्याही परिस्थितीत नाही. एकाच वाक्यात सल्लाही आणि बंदीही!

कॉम्प्युटरवाल्यांनी हसू नये. इंटरनेटच्या मानकांमधले हे शब्द कसे वाचायचे ते सांगणारा आरएफसी २११९ मार्च १९९७ चा आहे. त्यात 'मस्ट' आणि 'शॅल' एकच, म्हणजे सक्ती. 'मे' म्हणजे तुमची मर्जी. आणि 'शुड'? तो मोडता येतो, पण सबळ कारण हवं आणि परिणाम नीट तोलून. म्हणजे 'जमलं तर' हा अर्थ 'शुड'लाही नाही. ठेकेदारही चुकलाच होता, पण आधी मी!

खरी गोची आपल्या मराठीत आहे. 'पाणी मारावे' हा हुकूम की सल्ला? दोन्ही होऊ शकतं. आपल्याकडे हे काम 'च' करतो.

मी वहीतली ओळ खोडली, बाजूला सही केली आणि खाली मराठीत लिहिलं : 'पाणी मारलेच पाहिजे.' मुकादमाने वाचलं आणि पाइप आणायला पोरगा पिटाळला.