आवाजाच्या तंतूची वेगळी वाट

शिक्षकाचे सारे भांडवल म्हणजे त्याचा आवाज. हा आवाज ज्या दोन बारीक मज्जातंतूंवर अवलंबून असतो, त्यांची ओळख मला माझ्या थायरॉइडच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने झाली. इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मग त्यांचा इतिहासही वाचला.

मेंदूपासून निघालेला व्हेगस हा मज्जातंतू मानेतून छातीत उतरतो. स्वरयंत्राकडे जाणारी त्याची शाखा डावीकडे महारोहिणीला आणि उजवीकडे हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला वळसा घालून पुन्हा वर येते. गर्भावस्थेत हृदय मानेजवळ असते. ते खाली सरकताना रोहिण्या या तंतूंनाही खाली ओढतात. दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने रोममध्ये लोकांसमोर डुकराचे हे तंतू कापून दाखविले. ओरडणारे डुक्कर तत्क्षणी मुके झाले.

पुढे तेराशे वर्षे गॅलेनचा शब्द प्रमाण मानला गेला. परंतु त्याने विच्छेदन केले होते ते मुख्यतः प्राण्यांचे. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा असतो, हे व्हेसॅलियसने १५४३ मध्ये मानवी देह स्वतः पाहून मांडले.

मात्र सर्व मानवी देहही एकसारखे नसतात. १८२३ मध्ये एडिंबरो येथे स्टेडमन यांनी एक वेगळी रचना नोंदविली. काही माणसांत उजव्या हाताची रोहिणी महारोहिणीच्या डाव्या बाजूने निघून बहुधा अन्ननलिकेमागून उजवीकडे येते. अशा वेळी उजव्या तंतूला वळसा घालण्यास काही उरत नाही. तो मानेतूनच थेट स्वरयंत्राकडे जातो. शंभरांत जेमतेम एखाद्यात हे आढळते. डावीकडे तर अतिशय क्वचित.

त्या व्यक्तीला याचा सहसा काहीच त्रास नसतो. धोका असतो तो शस्त्रक्रियेत. आडवा जाणारा तंतू रक्तवाहिनी समजून कापला जाऊ शकतो. एक तंतू दुखावला तर आवाज घोगरा होतो; दोन्ही दुखावले तर श्वासही कोंडतो. म्हणून तंतू प्रत्यक्ष ओळखल्याशिवाय त्या भागात काही कापू नये, असा दंडक आहे.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर मला म्हणाले, "गुरुजी, तुमचे तंतू नेहमीच्याच वाटेने होते. पण डोळ्यांनी पाहीपर्यंत आम्ही तसे गृहीत धरले नाही." आपल्या शाळेतून वैद्यकाकडे वळणाऱ्या मुलामुलींनी एवढे लक्षात ठेवावे: पुस्तकातील आकृती बहुतेकांची असते, समोरचा रुग्ण मात्र एकटाच असतो.