चिन्त्याचा अतियोग : कोविडकाळातील नर्सिंगच्या विद्यार्थिनी

अतियोग म्हटला की आपणांस प्रखर प्रकाश, कर्कश ध्वनी किंवा अतिभोजन आठवते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात, मनाचाही अर्थ सांगितला आहे. तो म्हणजे चिन्त्य. त्याचा सम्यक योग प्रकृतीस, तर हीन, अति व मिथ्या योग विकृतीस कारण होतो. २०२०-२१ च्या महासाथीत हे सूत्र नर्सिंगच्या विद्यार्थिनींत विशेष स्पष्ट दिसले, असे आम्हांस वाटते.

महाविद्यालये बंद, अध्यापन मोबाईलवर आणि त्याच मोबाईलवर अहोरात्र बातम्या, परिपत्रके व अफवा. मुखपट्टीविषयी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला जून २०२० मध्ये बदलला. प्लाझ्मा उपचार मे २०२१ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. अनुभवी परिचारिकेच्या असे बदल अंगवळणी पडलेले असतात. पाठ्यपुस्तकावर परीक्षा देणारी मुलगी मात्र गोंधळते. आणि घरचे, शेजारचे तिलाच विचारतात, ‘तू नर्सिंगला आहेस ना, मग खरे काय?’ मे २०२१ मध्ये तर अंतिम परीक्षेच्या प्रतीक्षेतील विद्यार्थिनींना ज्येष्ठांच्या देखरेखीखाली कोविडसेवेत घेण्याचा निर्णय केंद्र शासनाने केला.

या पुरात आपलाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. आयुष मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घेण्यास सुचविले होते. हातोहात पुढे जाताना त्यातील मात्रा गळाली आणि ‘बल वाढते’ याचे ‘रोग होतच नाही’ असे झाले. प्रकृती, अग्नी व ऋतू यांचा विचार तर कोणी केलाच नाही.

निद्रानाश, आम्लपित्त, शिरःशूल घेऊन अशी विद्यार्थिनी आली, तर अश्वगंधा वा ब्राह्मी लिहिण्यापूर्वी रात्री अंथरुणात ती काय वाचते, हे विचारावे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, हाच सत्त्वावजय. मात्र वाचन सर्वस्वी बंद करणे हा हीनयोग ठरेल, कारण रुग्णाजवळ उभे राहणाऱ्या व्यक्तीस नवी सूचना ठाऊक असलीच पाहिजे. एक अधिकृत स्रोत, दिवसातील एक ठराविक वेळ, निजण्यापूर्वी पादाभ्यंग व मोबाईल दूर, एवढे प्रथम साधावे. जीव नकोसा झाल्याची भाषा आढळल्यास मात्र विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधालयचालकांनी काढ्याच्या पुडीवर मात्रा, कालावधी आणि तो कोणी घेऊ नये, हे ठळक मराठीत छापावे. साथ नसतानाच ही सवय लावून घेणे सोपे जाईल.