पावसाळ्याची बेगमी

प्रास्ताविक

शेतात जे पिकते, ते सारे एकाच वेळी खाऊन संपत नाही; आणि जेव्हा हवे असते, तेव्हा ते पिकत नाही. ही अडचण माणसाने कशी सोडवली, हे प्रस्तुत पाठात कोकणातील घरगुती साठवणीच्या उदाहरणाने सांगितले आहे. पाठ वाचताना प्रत्येक कृतीमागील कारणाकडे विशेष लक्ष द्यावे.

मूळ पाठ

कोकणात जून ते सप्टेंबर असे चार महिने मुसळधार पाऊस पडतो. पूल आणि पक्के रस्ते होण्यापूर्वी, नद्या दुथडी भरून वाहू लागल्या की अनेक गावांचा बाजाराशी संबंध तुटत असे. समुद्र खवळल्यामुळे मासेमारीही बंद राही. परसातील नव्या वेलींना फळे धरेपर्यंत घरातील साठ्यावरच दिवस काढावे लागत. अशा साठ्याला 'बेगमी' म्हणतात. गोव्यात त्यालाच 'पुरुमेंत' असे नाव आहे. बेगमी नासली, तर ऐन पावसात पानात भाताबरोबर वाढायला फारसे काही उरत नसे.

बेगमीची खरी लगबग एप्रिल-मे महिन्यांत चाले. रातांबे फोडून त्यांची साले मीठ घातलेल्या रातांब्याच्याच रसात बुडवायची आणि कडक उन्हात वाळवायची. असे अनेकदा केले की काळपट, आंबट आमसुले तयार होतात. बरक्या फणसाचा रस ताटांत पसरून फणसपोळी आणि आंब्याच्या रसाची आंबापोळी करतात. फळांत पाण्याचा अंश पुष्कळ असतो आणि त्या पाण्यावरच बुरशी व जिवाणू वाढतात. ऊन ते पाणी काढून घेते. म्हणूनच वळवाच्या सरी येण्यापूर्वी वाळवण पुरे होणे अगत्याचे असते. अर्धवट वाळलेली पोळी डब्यात भरली, तर आषाढातील दमट हवेत तिला बुरशी लागते आणि सारे श्रम वाया जातात.

कैऱ्या मात्र न वाळवताही टिकतात. चिनी मातीच्या बरणीत त्या तीव्र मिठाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवतात. मीठ कैरीतील पाणी बाहेर ओढते आणि अशा खारात बहुतेक जिवाणूंना वाढता येत नाही. आपटलेली किंवा डाग पडलेली कैरी बरणीत घालत नाहीत; एका नासक्या कैरीने सगळी बरणी बिघडते. खारात ओला हात वा ओला चमचा घालू नये, हा नियम घरातील लहानांनाही ठाऊक असे.

काही भाज्या जशाच्या तशा राखता येतात. तांबडा भोपळा देठासह काढतात. देठ मोडला की त्या जखमेतून कुजणे सुरू होते. कोहळ्याच्या सालीवर पांढरा, मेणासारखा थर असल्याने तो कित्येक महिने टिकतो. कांदा तर जमिनीतून काढल्यावरही सजीव असतो. तो श्वसन करतो. त्याला कोरडा वारा हवा. अलिबागचा पांढरा कांदा वाळलेल्या पातीसह वेणीसारखा गुंफून, माळा करून टांगतात. देशावर यासाठीच कांदाचाळ बांधतात. जमिनीपासून उंच असलेल्या, फटींच्या भिंतींच्या या चाळीत उन्हाळी कांदा नवा खरीप कांदा येईपर्यंत ठेवला जातो.

ऋतू बदलला तरी गरज बदलत नाही. काश्मीरमध्ये हिवाळ्यातील बर्फामुळे ताजी भाजी दुर्मीळ होत असे. म्हणून तेथे वांगी आणि दुधी यांचे काप उन्हाळ्यातच वाळवून ठेवण्याची रीत आहे.

आज शीतकपाटे आली आहेत आणि अनेक भाज्या बाजारात बारमाही मिळतात. तरीही पाणी काढून घेणे, मिठाने जिवाणूंना रोखणे आणि सजीव भाजीला वारा देणे ही तत्त्वे बदललेली नाहीत. ग्रंथांत न लिहिता ही तत्त्वे पिढ्यान्‌पिढ्या पाळली ती प्रामुख्याने घरोघरच्या स्त्रियांनी. त्यांच्या या जाणतेपणावर चार महिन्यांचे अन्न अवलंबून होते.

स्वाध्याय

१. फणसपोळी पूर्ण वाळणे का आवश्यक असते?
२. कैरी आणि कांदा टिकवण्याच्या पद्धतींतील फरक स्पष्ट करा.
३. आपल्या प्रदेशातील एखाद्या साठवणीच्या पद्धतीची माहिती घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळवा आणि तिच्यामागील कारणासह आठ-दहा ओळींत लिहा.